थोडं दुखेल, मग झालं

सराव क्रमांक १
जागा : बाहेरची खोली, सोफा.
उद्देश : रुग्णाला घबराट न होता ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेणे.
उपस्थिती : रुग्ण (वय अडीच वर्षे), रुग्णाचे वडील, रुग्णाची आई (निरीक्षक, चहा घेत).
लागलेला वेळ : मोजता आला नाही. रुग्ण पहिल्याच मिनिटाला सोफ्याखाली.
त्रुटी : रुग्ण.
सुधारणा : विचाराधीन.

हा अहवाल ज्यांनी लिहिला त्यांना त्यांच्या गोदामात सगळे शिट्टीसाहेब म्हणतात. तोंडावर नुसतं साहेब, पाठ वळली की शिट्टीसाहेब. त्यांचं काम असं, की दर तीन महिन्यांनी गोदामाला आग लागली आहे असं समजायचं, पिवळं जाकीट घालून शिट्टी फुंकायची, सगळ्यांना मैदानात उभं करायचं, डोकी मोजायची आणि किती वेळ लागला ते लिहून काढायचं. आग आजवर एकदाही लागली नव्हती. शिट्टीसाहेबांच्या मते त्याचं श्रेय सरावाला होतं. गोदामाच्या दारावर त्यांनी एक पाटी लावून घेतली होती, ‘अपघाताविना दिवस’, आणि रोज सकाळी स्वतः शिडीवर चढून ते आकडा बदलायचे. शिडी धरायला दोन माणसं लागत. तसा नियमच होता, त्यांनीच केलेला.

तर अशा माणसाच्या मुलीचं ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन म्हणजे तसं काहीच नाही. भिंगरीच्या डाव्या भुवईच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ होती, जन्मापासूनची. दुखत नव्हती, खुपत नव्हती. बोटाने दाबली की जरा सरकायची आणि सोडली की मुकाट्याने जागेवर यायची. घरातली दुसरी कुठलीच गोष्ट इतकी शिस्तीत वागत नव्हती. (भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण चालायला लागली त्या दिवसापासून तिला दुसऱ्या कशाने हाक मारावी असं कुणाला वाटलंच नाही.) सर्जन म्हणाले, “साधी गाठ आहे, पण वाढत जाते. आत्ताच काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम. सकाळी या, संध्याकाळी घरी.” आणि मग जाता जाता म्हणाले, “भूल लागेपर्यंत आई किंवा बाबा, कुणीतरी एक जण तिच्याबरोबर आत येऊ शकता.”

“मी,” शिट्टीसाहेब म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर समोरच्या माणसाला ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट?’ एवढंच विचारायचं आणि जे उत्तर येईल ते लिहायचं, हा तिचा धंदा. त्यामुळे तिचं पाहणंही तसंच असतं.

“नक्की तू?” तिने विचारलं.

या दोन शब्दांच्या मागे मागच्या लसीचा सगळा इतिहास होता. तोही सांगून टाकलेला बरा. त्या दिवशी शिट्टीसाहेबांनी भिंगरीला मांडीवर घेऊन शपथेवर सांगितलं होतं, “काही दुखणार नाही गं. मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स.” मग सुई टोचली. भिंगरीने सुईकडे पाहिलं नाही, नर्सकडे पाहिलं नाही. तिने मान वळवून बापाकडे पाहिलं. आणि पुढचे चार दिवस तिने त्यांना बाबा म्हणणंच बंद केलं. ती त्यांना ‘तो’ म्हणायची. आंघोळ कोण घालणार? “तो नको.” गोष्ट कोण सांगणार? “तो नको.” घरातल्या माणसाचं पद एका सुईत काढून घेतलं जातं, हे शिट्टीसाहेबांना ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी ते पद परत मिळालं, पण मधली चार रोजची गैरहजेरी त्यांच्या मनाच्या हजेरीपटावरून काही पुसली गेली नव्हती.

“मीच,” ते म्हणाले. “या वेळी सराव करून.”

सराव क्रमांक २
रुग्ण झोपण्यास तयार नाही, म्हणून वडिलांनी प्रात्यक्षिकासाठी स्वतः सोफ्यावर झोपून दाखवले.
रुग्ण तात्काळ डॉक्टर झाला.
वेळ : चार मिनिटे वीस सेकंद. प्रगती उल्लेखनीय.

खरी चूक इथे झाली. पण चूक होताना ती कधी चुकीसारखी दिसत नाही. आणि शिट्टीसाहेबांना तर ती यशासारखी दिसली. भिंगरी खूश होती. तिच्या गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप, हातात स्वयंपाकघरातलं नरसाळं. नरसाळं म्हणजे भुलीचा मास्क. बापाच्या नाकावर ते उलटं ठेवायचं आणि म्हणायचं, “मोठ्ठा श्वास.” मग बापाने डोळे मिटायचे. मग त्याच्या डाव्या भुवईवर पट्टी चिकटवायची. मग बापाने डोळे उघडून म्हणायचं, “अरे वा! झालंसुद्धा?”

एकूण सहा टप्पे होते : बूट, लिफ्ट, गाडी, पलंग, नरसाळं, पट्टी. प्रत्येक टप्पा नीट पार पडला की जाकिटाच्या डाव्या खिशातून एक बिस्किट, तिने स्वतःच काढून घ्यायचं. हा खिसा आणि हे बिस्किट लक्षात ठेवावं. शिट्टीसाहेबांनी ठेवलं नाही.

संवाद मात्र निरीक्षकाने बदलला. मूळ मसुद्यात नरसाळ्याआधी डॉक्टरने म्हणायचं होतं, “काही दुखणार नाही.”

“हे काढ,” बायको म्हणाली.

“अगं, घाबरेल ती.”

“मग काय म्हणणार? मुंगी?”

शिट्टीसाहेब पेनाचं टोपण लावू-काढू लागले.

“‘थोडं दुखेल, मग झालं,’ असं शिकव. खरं आहे आणि लहानही आहे.”

“आमच्या क्षेत्रात असं करत नाहीत. आग लागली तर भाजेल, असं सांगून का कुणाला मैदानात नेतात?”

“सांगता की. पाटीच लावता. कवटी काढून.”

संवाद बदलला. भिंगरीला तो फार आवडला. नरसाळं उगारून, डोळे मोठे करून ती म्हणायची, “थोडं दुखेऽल. मग झाऽलं.” सराव क्रमांक पाचमध्ये तर शिट्टीसाहेबांना दिवसभराच्या कामाने खरोखरच झोप लागली. डॉक्टरांनी ती भूल समजून पुढचं काम उरकलं. दुसऱ्या दिवशी ते गोदामात शिडीवर चढले तेव्हा त्यांच्या भुवईवर हिरव्या स्केचपेनने काढलेला गोल होता आणि शिडी धरणारे दोघेही जण खाली बघून शिडी धरत होते.

आता या काळात शेजारी काही स्वस्थ बसले नव्हते.

समोरच्या काकू म्हणाल्या, “कशाला ते ऑपरेशन? आमच्या धाकट्याला अशीच होती मानेवर. आम्ही काही म्हणजे काही केलं नाही.”

“मग गेली?”

“नाही हो. पण सवय झाली.”

तळमजल्यावर शिंपीमामांचं दुकान आहे. त्यांनी भिंगरीला टेबलावर उभं केलं, गाठीवर अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “टाका आतून की बाहेरून?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! आतून टाका घालणारा माणूस वेगळा, बाहेरून घालणारा वेगळा. बाहेरून घालतो तो घाईतला. तुम्ही स्पष्ट विचारा, साहेब. लाजू नका. पोरीच्या तोंडाचा प्रश्न आहे, काही उशीचा अभ्रा नाही.”

शिट्टीसाहेबांनी पुढच्या भेटीत खरोखरच विचारलं. सर्जन दचकले. “आतून,” ते म्हणाले. “विरघळणारा दोरा. काढावाही लागत नाही.” आणि मग जरा आदराने, “आपण या क्षेत्रातले का?”

“नाही,” शिट्टीसाहेब म्हणाले, “पण आमचे सल्लागार आहेत.”

मग विमा. विम्याचा फॉर्म सगळ्या माणसांसाठी एकच असतो, वय कितीही असो. त्यात रकाना होता : ‘रुग्णाच्या सवयी – तंबाखू / मद्य / इतर (तपशील द्यावा)’. शिट्टीसाहेबांचा नियम, की रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. त्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि लिहिलं, ‘अंगठा’.

तीन दिवसांनी विमा कंपनीचं पत्र आलं : ‘सदर सवय कधीपासून आहे व दिवसाचे प्रमाण किती, ते कळवावे.’

‘जन्मापासून,’ शिट्टीसाहेबांनी कळवलं. ‘प्रमाण : झोपताना एक.’

पुन्हा पत्र : ‘सवय सोडण्यासाठी उपचार घेतले आहेत काय?’

“मी लिहिते,” म्हणून बायकोने कागद ओढून घेतला आणि लिहिलं, ‘कडू औषध लावून पाहिले. रुग्णास आवडले.’ मंजुरी आली.

प्रत्यक्ष दिवस

हॉस्पिटलची सूचना सोपी होती. मध्यरात्रीनंतर दूध नाही, खाणं नाही. सकाळी सातपर्यंत पाण्याचे घोट चालतील, मग तेही नाही. आई-बापांनी घरातला खाण्याचा प्रत्येक डबा वरच्या फळीवर चढवला. स्वतःही काही खाल्लं नाही. भिंगरी उठली, पाणी प्यायली आणि शिट्टीसाहेबांचं पिवळं जाकीट पाहून टाळ्या वाजवू लागली, कारण जाकीट म्हणजे सराव. सगळं सरावासारखंच व्हायला हवं, म्हणून तर त्यांनी ते घातलं होतं.

बूट घातले. लिफ्ट. गाडी. गाडीत भिंगरी बापाच्या मांडीवर इतकी शांत बसली होती, की शिट्टीसाहेबांनी बायकोकडे मान तिरकी करून एक नजर टाकली. तिचा अर्थ होता, ‘बघ.’ मग विमा कंपनीचा फोन आला आणि हॉस्पिटल येईपर्यंत ते त्यांच्याशी अंगठ्याबद्दल बोलत राहिले.

भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणजे एक उंच, शांत बाई होत्या. त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि विचारलं, “पोटात काही गेलंय का सकाळपासून?”

“काही नाही,” शिट्टीसाहेब म्हणाले. “थेंब नाही. कण नाही. लेखी देऊ शकतो.”

“बिक्कीट,” भिंगरी म्हणाली.



“किती?” बाईंनी थेट तिलाच विचारलं.

“तीन.” तिने चार बोटं दाखवली.

शिट्टीसाहेबांचा हात आपोआप जाकिटाच्या डाव्या खिशाकडे गेला. खिशात पुडा होता. पुडा उघडा होता. बूट, लिफ्ट, गाडी. तिने एकही टप्पा चुकवला नव्हता आणि एकाही टप्प्याला जास्त घेतलं नव्हतं. इतका प्रामाणिक कर्मचारी त्यांना गोदामात वीस वर्षांत मिळाला नव्हता.

“भरल्या पोटी भूल देता येत नाही,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “उलटी होऊन श्वासनळीत गेली तर जिवावर बेतू शकतं. बरं झालं तिने सांगितलं. सोमवारी या.”

घरात आल्यावर बायकोने शिट्टीसाहेबांची वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

कारण : मानवी चूक.
जबाबदार : मी.

दोन ओळी लिहायला त्यांना सगळ्या सरावांपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी खिशातला पुडा काढला, जाकीट उलटं करून झटकलं आणि बाल्कनीत गेले. तिथे समोरच्या काकू होत्याच. “रद्द झालं ना? मी म्हटलंच होतं. सवय होते हो.”

सोमवार म्हणजे नवी तारीख आणि नवी तारीख म्हणजे नवे कागद. खिडकीमागच्या कारकुनाने जुनी फाईल बाजूला सरकवली.

“ही चालणार नाही. केस नवीन.”

“अहो, पेशंट तोच आहे. गाठ तीच आहे.”

“असेल. तारीख वेगळी ना? मग केस नवीन. लहान मुलांच्या डॉक्टरांचं पत्र नवीन, वजन नवीन, विम्याची मंजुरी नवीन.”

“वजन चार दिवसांत काय बदलणार?”

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. “बिस्किटं खाल्लीत म्हणे.” बातमी खिडकीपर्यंत पोचली होती. शिट्टीसाहेबांच्या मानी स्वभावाला हे फार लागलं. पण रांगेत मागे सात माणसं होती आणि सातही जण ऐकत होते, म्हणून ते फक्त “हो” म्हणाले.

विमा कंपनीने नव्या फॉर्मबरोबर विचारलं, ‘मागील अर्जानंतर सवयीत काही बदल?’ बायकोने लिहिलं, ‘होय. आता डावा.’

प्रत्यक्ष दिवस (दुसरा)

बायकोने दारात शिट्टीसाहेबांची झडती घेतली. गोदामाच्या फाटकावर पहारेकरी घेतो तशी, दोन्ही हात वर करायला लावून. जाकिटाचे खिसे उलटे काढून तसेच लोंबत ठेवले. भिंगरीने ते पाहिलं आणि गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “बिक्कीट?”

“नंतर,” शिट्टीसाहेब म्हणाले.

“आत्ता?”

“नंतर. सगळं झालं की.”

भिंगरी रडली नाही, पण तिने ओठ बाहेर काढला आणि बापाकडे लसीच्या दिवशी पाहिलं होतं तसं पाहिलं. ‘तो’ व्हायला एवढंच अंतर होतं.

हॉस्पिटलात तिला फुलाफुलांचा छोटा झगा घातला. मग चाकांचा पलंग आला. तो ढकलणाऱ्या मामांनी हात पुढे केले, “चला, बाळासाहेब, गाडीत बसा.”

“नाही,” भिंगरी म्हणाली. “बाबा पेशंट.”

“अगं, आज तू पेशंट.”

“बाबा पेशंट. मी डॉक्टर.” आणि तिने पलंगावर हात आपटला. “बाबा, झोप.”

आता कुठे शिट्टीसाहेबांच्या ध्यानात आलं, की सात सरावांत त्यांनी स्वतःलाच अतिशय उत्तम तयार केलं होतं. कुठल्याही क्षणी कुठल्याही टेबलावर ते विनातक्रार झोपू शकले असते. गाठ मात्र त्यांना नव्हती.

त्यांनी समजावलं. आईने समजावलं. मामांनी तोंडाने भोंगा वाजवला. भिंगरीचा आवाज चढू लागला. तेवढ्यात दारात त्या उंच बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, उलट्या खिशांकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “बाबा, झोपा.”

“मी?”

“बूट काढा आणि झोपा. माझ्या पुढे अजून चार ऑपरेशनं आहेत.”

शिट्टीसाहेब झोपले. पिवळं जाकीट, खिसे बाहेर, एका मोज्याला भोक. भिंगरी त्यांच्या छातीवर बसली, गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप. बायकोने पटकन तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आणि ही मिरवणूक लांबलचक बोळातून निघाली. बाकांवर बसलेली माणसं उठून पाहू लागली. एका आजोबांनी काळजीने विचारलं, “काय झालंय हो यांना?”

“यांना काही नाही,” मामा पलंग ढकलत म्हणाले. “वरच्या बाईंना झालंय.”

वीस वर्षं ज्या माणसाने शेकडो लोकांना रांगेत उभं केलं तो छताचे दिवे मोजत आडवा चालला होता. पण छातीवरचं वजन बारा किलो दोनशे ग्रॅम होतं (नवीन केस, नवीन वजन), आणि ते घाबरलेलं नव्हतं. एवढं एक त्यांच्या छातीला कळत होतं.

आत गार होतं. बाईंनी मास्क पुढे केला. भिंगरीने तो ओळखला. नरसाळ्यापेक्षा बरा होता. तिने तो आधी बापाच्या नाकावर ठेवला. “मोठ्ठा श्वास.” बापाने घेतला. बाईंनी घाई केली नाही.

“आता माझा,” भिंगरी म्हणाली. आणि मग, मास्क तोंडापाशी आला असताना, तिने तो हाताने जरा दूर धरला आणि बापाकडे पाहिलं.

“दुखेल?”

हा प्रश्न सरावात नव्हता. सरावात डॉक्टर प्रश्न विचारत नसे. शिट्टीसाहेबांच्या जिभेवर मुंगी आली, अगदी टोकापर्यंत आली. त्यांनी ती गिळली.

“थोडं दुखेल,” ते म्हणाले. “मग झालं.”

भिंगरीने मान हलवली. आपलंच वाक्य आहे आणि बरोबर म्हटलं आहे, अशा अर्थी. मास्क नाकावर बसला. एक श्वास, दोन श्वास, आणि मग ती त्यांच्या छातीवर सबंध वजनाने ओघळली. हेही सरावात नव्हतं. खेळताना दमून झोपलेलं मूल असं ओघळत नाही. बाईंनी अलगद तिला उचललं आणि म्हणाल्या, “छान केलंत. आता बाहेर.” शिट्टीसाहेब मोज्यांवर बाहेर आले. बूट कुठे राहिले ते त्यांना सांगता येईना.

प्रतीक्षा

अर्धा तास म्हणजे किती, हे स्टॉपवॉच बाळगणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं. दहा मिनिटं गेली असतील म्हणून त्यांनी पाहिलं तर अडीच झाली होती.

“बस ना,” बायको म्हणाली.

“बसलोय.”

ते उभे होते. मग चालू लागले. बोळाच्या टोकाला भिंतीत एक लाल पेटी होती, काचेच्या दाराची, आत आग विझवायचं नळकांडं. काही माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात. शिट्टीसाहेबांनी पेटीचं दार उघडलं, खाली उकिडवे बसले आणि नळकांड्यावरची तपासणीची तारीख वाचू लागले. तारीख पुढची होती. दाब बरोबर होता. सील शाबूत. नळीला चीर नाही. एकही त्रुटी सापडेना. तरी ते शोधत राहिले.

“भिंगरीचे बाबा!” नर्सने हाक मारली. “झालंय, या!”

शिट्टीसाहेब ताडकन उठले. वर पेटीचं दार उघडंच होतं. त्याचा पत्र्याचा कोपरा त्यांच्या डाव्या भुवईच्या टोकाशी, जिथे सहा वेळा पट्टी लागली होती नेमका तिथे, बसला.

“आधी सांगा, ती कशी आहे?” रक्ताळलेला डोळा झाकत त्यांनी विचारलं.

“एकदम छान. झोपेत आहे अजून. तुम्ही मात्र चला खाली.”

खालच्या अपघात विभागात एक अगदी तरुण डॉक्टर होता, नुकताच लागलेला असावा. त्याने जखम पुसली, सुई वर धरली आणि हसून म्हणाला, “काही नाही काका, मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स.”

ती मुंगी नव्हती. तिचा मुंगीशी लांबचाही संबंध नव्हता. शिट्टीसाहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो पुढच्या पडद्याआडचा पाय मोडलेला माणूस उठून बसेल असा होता. दुसऱ्या टाक्याला त्यांनी डॉक्टरकडे मान वळवून पाहिलं, आणि तेव्हा त्यांना कळलं, की लसीच्या दिवशी आपल्याकडे नेमकं कसं पाहिलं गेलं होतं.

ते वर पोचले तेव्हा भिंगरी जागी होत होती. घसा बसलेला, केस विस्कटलेले, सगळ्या जगावर रुसलेली. आईच्या कुशीत हुंदके देत होती. भुवईवर छोटी पांढरी पट्टी. तिने डोळे किलकिले केले. समोर बाप होता आणि त्याच्या भुवईवरही पांढरी पट्टी होती. हुंदका अर्ध्यात थांबला. तिने स्वतःच्या पट्टीला हात लावला, मग बोट उचलून बापाकडे दाखवलं.

“बाबाचं झालं?”

“झालं.”

“दुखलं?”

शिट्टीसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती डोळे तपासताना पाहते तशी, उत्तर येईल ते लिहून घ्यायच्या तयारीत पाहत होती.

“हो गं,” ते म्हणाले. “पुष्कळ दुखलं.”

“माझं थोडं,” भिंगरी म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले, बापाकडे.

बरे होणे

पाच दिवस पट्टी ओली करायची नाही, ओढायची नाही, पळायचं नाही. डॉक्टरांनी हे भिंगरीला उद्देशून सांगितलं होतं. ती पहिल्याच संध्याकाळी सोफ्यावरून उड्या मारू लागली. सोफ्यावर डोकं धरून शिट्टीसाहेब होते. पट्टीला मात्र तिने पाच दिवस हात लावला नाही, कारण बाबाची पट्टी आहे तोवर आपली असणार, हे तिला मान्य होतं. सकाळी उठली की आधी त्यांची पट्टी तपासायची, मग आपली. ते कण्हले की नरसाळं घेऊन यायची.

समोरच्या काकू पाहायला आल्या आणि दोन पट्ट्या पाहून दारातच थबकल्या. “म्हणजे घराण्यातच होती का गाठ?” शिंपीमामांनी भिंगरीची पट्टी निघाल्यावर चष्मा चढवून पाहिलं आणि मान डोलावली. “आतून आहे. काम माहीत असलेला माणूस.” मग ते साहेबांच्या भुवईकडे वळले. काळा दोरा, दोन टोकं वर उभी. मामांनी चष्माच काढून ठेवला. “हे कुणी केलं? एवढं तर आमच्याकडे पोत्यालासुद्धा करत नाही.”

गोदामात वेगळाच पेच पडला. सुरक्षेच्या साहेबाला डोक्याला टाके, तेही आग विझवायच्या साधनाने. अपघात सुट्टीच्या दिवशी आणि बाहेरच्या जागी झालेला. पण साहेब त्या वेळी कंपनीच्या जाकिटात होते. मॅनेजरने वरच्या कचेरीला विचारलं. उत्तर येईपर्यंत पाटीवर काय लिहायचं हा प्रश्न होता. शेवटी शिडी धरणाऱ्या दोघांनी सुचवलं ते झालं. पाटीवर ‘३८७ ?’ असं आलं, आणि ते प्रश्नचिन्ह शिट्टीसाहेबांनी स्वतः शिडीवर चढून काढलं. चांगलं मोठं काढलं.

आठव्या दिवशी टाके काढायचे होते. भिंगरीचे आतल्या आत विरघळणार होते. काढायचे फक्त तिच्या बापाचे. ती बरोबर जाणारच होती, कारण बूट, लिफ्ट, गाडी हे तिचं काम होतं. या वेळी बायकोने झडती घेतली नाही. उलट डाव्या खिशात तिनेच एक पुडा ठेवला.

शिट्टीसाहेब टेबलावर झोपले. नर्सने कात्री उचलली. भिंगरी स्टुलावर चढली, बापाचं एक बोट तिने मुठीत धरलं आणि अगदी जवळ तोंड नेऊन सांगितलं, “बाबा, थोडं दुखेल.”

“हो,” ते म्हणाले.

“मग झालं.”

“हो.”

कात्री दोनदा वाजली. थोडं दुखलं. जेवढं सांगितलं होतं तेवढंच.

भिंगरी स्टुलावरून उतरली, जाकिटाच्या डाव्या खिशात हात घालून तिने एक बिस्किट काढलं. जरा विचार केला, आणि ते बापापुढे धरलं. शिट्टीसाहेब तोंड उघडणार तोच थांबले. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, बोळात पाहिलं. उंच बाई कुठेही नव्हत्या.

मग त्यांनी ते खाल्लं.